कामठा

कोथरूड डेपोवरून पहिली बस धरून
पौडच्या बरंच पुढे उतरलो आम्ही पाच जण.
एकाच्या पायात कोरे बूट, एकीच्या हातात वही,
माझ्या पिशवीत व्हर्निअर.
एकतीस वर्षं भोसरीला गेज तपासले मी,
रिकाम्या हातानं कुठं जायची सवय नाही.

भिवा हिलम अंगणात बसला होता.
उठला नाही.
"पाणी प्या," म्हणाला, "मग बांबू वाजवा."

म्हणजे आमचं स्वागत झालं ते असं :
कुडाला टेकवलेल्या काठ्या,
वर्षभर चुलीवरच्या माळ्यात धुरकटलेल्या,
आणि आम्ही बोटाच्या पेरानं टकटक करतोय हळू,
जणू दाराआड कुणी आजारी निजलंय.
वहीवालीनं विचारलं, "आवाज कसा यायला हवा?"
"आला की कळंल."
तिनं तेही लिहून घेतलं.

मी धनुष्य म्हणाले तेव्हा मात्र तो हसला.
"धनुष्य देवाच्या फोटोत. ह्यो कामठा."

साल पाठीला, गर पोटाला.
मेस तोडायची अंधाऱ्या पंधरवड्यात,
चांदण्यात तोडली की किडा धरते.
आधी कोयता, मग फुटक्या बाटलीची काच,
आणि सगळ्यात शेवटी नुसता अंगठा.

मी दोन्ही बाजू मापून सारख्या केल्या,
पॉइंट शून्य दोनपर्यंत.
भिवानं व्हर्निअर घेतलं, उघडलं, मिटलं,
शेंबड्या नातवाकडे दिलं.
मग माझा कामठा गुडघ्यावर दाबून दाखवला :
डावीकडे शहाण्यासारखा वाकत होता,
उजवीकडे अडून बसलेला.
"माप सारखं हाय, बाई. बांबू सारखा न्हाई."

भाकरी-सुकट खाताना बूटवाल्यानं विचारलंच :
"आणि काका, शिकार?"
सून ठकी मांडीवर केवणीची साल वळत होती.
तिचा हात थांबला.

"एक ससा," भिवा म्हणाला.
"माझं लगीन व्हायचं हुतं.
त्या एका सशापायी बा तीन राती चौकीत.
बा आला घरी. कामठा तिथंच ऱ्हायला, कपाटावर.
मी पावती मागाया गेल्तो.
पावती न्हवती."

आता नेम धरायचा तो पेंढ्याच्या भाऱ्यावर.
कायदा आहे, आणि ससे तरी कुठं आहेत,
समोरच्या उतारावर कुणाकुणाच्या बंगल्यांना
तारेची कुंपणं, आत पिवळे दिवे.

तरी उन्हं कलल्यावर त्यानं आम्हाला
ओढ्याकाठच्या कारवीत पालथं पाडलं.
कामठे घरीच ठेवायला लावले.
"हलू नका."
तासभर.
मुंग्या चढल्या, कोपर बधिर झालं,
कुणाच्या तरी पोटात गुरगुरलं.
पलीकडे पाचोळा वाजला, थांबला,
पुन्हा वाजला नाही.
काय होतं ते त्यानं सांगितलं नाही, आम्ही विचारलं नाही.
परतताना एवढंच :
"शिकार म्हंजी ही. बाकीचं लई झटकन हुतं."

दोरी चढवून ओढला तेव्हा माझा कामठा
तिसऱ्या पेरावर मोडला.
कुणी कानफटात मारावी तसा आवाज.
वहीवाली दचकली, लिहायची थांबली.
एकतीस वर्षं दुसऱ्यांच्या कामाला
लाल खडूनं फुल्या मारल्या मी,
आता हातात दोन तुकडे घेऊन उभी,
खडू कुठं मारू.

भिवानं तुकडे घेतले, मोडीचा वास घेतला.
एक ठेवला छपरात खोचून,
पोराला गलोलीचा दांडा होईल म्हणाला.
दुसरा ठकीनं चुलीत सारला
आणि त्यावर चहा ठेवला, बिनदुधाचा, गुळाचा.
पहिला पेला मला.
"माजं चार मोडलं," ती म्हणाली.
सासऱ्याकडे न बघता पुढं म्हणाली,
"ह्यांचं किती, त्ये सांगत न्हाईत."

मी अजून जाते, महिन्यातून एकदा.
दुसरा कामठा बरा वाकतो,
नेम भाऱ्याच्या डावीकडे जातो, तो आपला जाऊ दे.
व्हर्निअर मागायचं राहूनच गेलं.
परवा बघितलं, तो पोरगा ओढ्यात उकिडवा बसून
खेकड्यांची मापं घेत होता,
आणि लहान निघाले ते
परत दगडाखाली सोडत होता.